शीटमध्ये खोटं काहीच नव्हतं

सकाळचा स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, चालू होता. आमचा मॅनेजर स्क्रीन शेअर करून जिराचा, म्हणजे कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, बोर्ड दाखवत होता, कुठलं तिकीट (एकेका कामाची नोंद) कुठे अडकलंय वगैरे नेहमीचंच, आणि मधेच त्याला एक लिंक हवी होती म्हणून त्याने दुसरा टॅब उघडला तो नेमका व्हॉट्सअॅप वेबचा निघाला. दोन-तीन सेकंदच असतील. पण डावीकडे सगळ्यात वर, न वाचलेल्या मेसेजच्या हिरव्या आकड्यासकट, एक ग्रुप दिसला, 'ए टीम', आणि डीपीला लोणावळ्याचा फोटो, टायगर पॉइंटला धुक्यात भजी खात उभे असलेले आम्ही सहा जण. टीममध्ये माणसं अकरा. ऑफिशियल ग्रुप वेगळा आहे, त्यात अकराच्या अकरा आहेत, तिथे हॅपी बर्थडे आणि सर्व्हर डाऊन एवढंच येतं. टॅब लगेच बदलला, मॅनेजर 'सॉरी, राँग विंडो' म्हणाला आणि गाडी पुढे गेली. जे त्या फोटोत नव्हते त्यातल्या तिघांचे कॅमेरे बंद होते, एक जण मान खाली घालून काहीतरी टाइप करत होता, आणि एक आमची बदलापूरवाली (ऑफिसात तिला सगळे असंच म्हणतात, तीही म्हणते), तिने चष्मा वर सरकवला आणि 'माझी दोन तिकिटं क्लोज झालीत, एक क्लायंटकडे पेंडिंग आहे' असं रोजच्यासारखं सांगून टाकलं. तिचा आवाज जरा जरी बदलला असता ना, तर मला बरं वाटलं असतं.

मी त्या फोटोत आहे. डावीकडून दुसरी.

आता त्या ग्रुपवर काही कट वगैरे शिजत नाही हो. तिथे आयपीएल असतं, मीम्स असतात, शुक्रवारी बिर्याणी कुठून मागवायची यावर चर्चासत्र असतं, कोणाच्या तरी मुलाचा गॅदरिंगमधला व्हिडिओ असतो. आणि त्या सगळ्या कचऱ्यात मधेच, रात्री साडेदहाला वगैरे, मॅनेजरचा एक मेसेज येतो, 'अरे पुढच्या क्वार्टरला पेमेंटचं काम येतंय आपल्याकडे, डॉक्युमेंट बघून ठेवा जरा.' बस. एवढंच. त्याच्यावर दोन अंगठे, एक 'ओके बॉस', आणि परत बिर्याणी. पण मग दोन आठवड्यांनी मीटिंगमध्ये जेव्हा तो विचारतो की पेमेंटच्या कामात कोणाला इंटरेस्ट आहे, तेव्हा आमच्यातल्या एकाने ते डॉक्युमेंट वाचलेलं असतं, त्याच्याकडे दोन बरे प्रश्न तयार असतात, आणि बाकीचे पाच जण ते नाव पहिल्यांदा ऐकत असतात. मग काम कोणाला मिळणार? जो तयार दिसतो त्यालाच. त्यात चूक काय काढणार?

डोंबिवली लोकलमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं काढलीत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सकाळी रिटर्न मारून, म्हणजे आधी उलट्या दिशेने जाऊन, कल्याणहून बसून येणारा ग्रुप असतो, त्यातली एक जण खिडकीला, तिच्या बाजूच्या सीटवर पर्स, आणि डोंबिवलीला नवीन बाई चढून बसायला गेली की 'कोणीतरी येतंय इथे' हे ठरलेलं उत्तर. मी त्या नवीन बाईच्या जागीही होते आणि नंतर पर्स ठेवणाऱ्यांच्यातही आले, आणि खरं सांगते, पर्स ठेवताना आपण कोणावर अन्याय करतोय असं अजिबात वाटत नाही, उलट आपण कुणासाठी तरी जागा धरतोय, किती चांगल्या आहोत, असंच वाटतं. उभी राहिलेली बाई त्या क्षणी दिसतच नाही. ऑफिसातही तसंच आहे.

बाबा सरकारी नोकरीत होते, फोर्टातल्या एका ऑफिसात. त्यांच्याकडे या गोष्टीला वशिला म्हणायचे आणि तो उघड असायचा. अमका साहेबांचा माणूस, तमका मंत्र्याच्या गावचा, सगळ्यांना माहीत. दिवाळीला कोणाच्या घरी कोण मिठाई घेऊन गेलं हे दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी सगळ्या ऑफिसला कळलेलं असायचं आणि त्यावर शिव्या घालायला युनियनही होती. मी आयटीत लागले तेव्हा आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मॅनेजरला अरे-तुरे करतात, व्हाइस प्रेसिडेंट आमच्यासोबत लाइनीत उभा राहून इडली घेतो, हे मी बाबांना फार कौतुकाने सांगितलं होतं. बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, 'साहेबाला अरे म्हणता, मग त्याचा फोन आला की जेवणावरून का उठतेस गं?' तेव्हा मी चिडले होते.

बाबांच्या नोकरीत सीआर असायचा, गोपनीय अहवाल. साहेब वर्षाच्या शेवटी काय लिहितो ते कळायचं नाही, फक्त वाईट शेरा असेल तरच कळवायचे. बाबा रिटायर झाल्यावर, २००८ साली, सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला होता आणि तो त्यांनी पेपरातून कापून ठेवला होता. सीमा रस्त्यांच्या खात्यातला एक इंजिनियर होता, त्याच्या सीआरमध्ये एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता. चांगला! पण प्रमोशनला 'खूप चांगला' लागायचं, त्यामुळे तो 'चांगला'च त्याच्या आड आला आणि वाईट नाही म्हणून त्याला ते कोणी कळवलंही नाही. कोर्टाने म्हटलं की नोंद बरी असो वाईट असो, सरकारी नोकराला प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. आमच्याकडे 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' म्हणून जे रेटिंग आहे ना, ते डिट्टो हेच. कानाला बरं लागतं, आणि ते मिळालं की ओळीने तीन वर्षं माणूस आहे तिथेच. फरक इतकाच की आम्हाला रेटिंग कळतं, ते ठरलं त्या खोलीत आपल्याबद्दल कोण काय बोललं हे मात्र कळत नाही, आणि त्यासाठी कुठल्या कोर्टात जायचं हेही कोणी सांगत नाही.

त्या खोलीत मी एकदा बसले.

लीड झाले तेव्हा मॅनेजरने सोबत घेतलं होतं. मला वाटलेलं आत जाम राजकारण चालत असेल. छोटी काचेची खोली, एसी इतका की मी ओढणी पांघरून बसलेले, प्रोजेक्टरवर एक्सेल शीट, एकेका माणसाची एकेक ओळ, आणि शेवटच्या रकान्यात रंग, हिरवा, पिवळा, एखाददुसरा लाल. एचआरची एक मुलगी दर थोड्या वेळाने आठवण करून द्यायची की सगळ्यांना हिरवं करता येणार नाही, कर्व्हमध्ये बसवायचंय. आमच्या हिरोची, म्हणजे मॅनेजरच्या लाडक्या मुलाची, ओळ आली. त्याच्यापुढे लिहिलेलं, क्लायंटसमोर तीन डेमो, नवीन मॉड्यूल सुरुवातीपासून उभं केलं, दोन ज्युनियरना ट्रेन केलं. सगळं खरं. मी स्वतः ते डेमो बघितलेत, मुलगा खरंच सुंदर बोलतो. मग बदलापूरवालीची ओळ आली. प्रॉडक्शन सपोर्ट (चालू सिस्टिम सांभाळणं), तिकिटं वेळेत, एस्केलेशन नाही, म्हणजे वरपर्यंत तक्रार गेली नाही. हेही खरं. कोणीतरी म्हणालं, 'शी इज गुड, पण व्हिजिबिलिटी कमी आहे.' सगळ्यांनी मान हलवली. पिवळा. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिने वर्षभर सिस्टिम पडू दिली नाही हे कुठल्या रकान्यात भरणार, न घडलेल्या गोष्टीला रकानाच नव्हता. आणि ती व्हिजिबल कशी होणार, डेमो तिला दिला कोणी होता? हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही, मीही नाही, कारण त्या क्षणी सुचलंच नाही, शीट इतकी नीटनेटकी होती की तिच्याबाहेर काही असेल असं वाटेना. तिथे कोणी कोणाची बाजू घेतली नाही. घ्यायची गरजच नव्हती. जे व्हायचं ते अकरा महिने आधी, कोणाच्या तरी डेस्कपाशी उभं राहून, 'ए, हे तू घेतोस का?' एवढ्या एका वाक्यात झालं होतं.

तो कर्व्ह आमच्या एचआरच्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च नावाच्या साहेबाने तो नावारूपाला आणला, वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा, आणि खालच्यांना दार दाखवायचं. मायक्रोसॉफ्टने बरीच वर्षं असलाच प्रकार चालवला आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केला, अडोबीने तर त्याच्या आदल्याच वर्षी वार्षिक रिव्ह्यूच मोडीत काढला. आपल्याकडेही मधे लाट आली होती, बेल कर्व्ह गेला गेला म्हणून लोकांनी लिंक्डइनवर पेढे वाटले. आमच्या कंपनीतही गेला, कागदावर. आता त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. जाऊ दे, कर्व्हवर माझा तसा रागही नाही, कर्व्ह हा शेवटी मोजमापाचा प्रकार आहे आणि माझं दुखणं मोजमापाच्या आधीचं आहे.

रोझेनथाल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत प्रयोग केला होता. मुलांची एक टेस्ट घेतली आणि शिक्षकांना काही मुलांची नावं दिली, की ही मुलं यंदा एकदम चमकणार आहेत बघा. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली, टेस्टशी त्यांचा काही संबंध नव्हता. वर्षअखेरीला परत टेस्ट घेतली तर पहिली-दुसरीतली ती नावं दिलेली मुलं खरंच इतरांपेक्षा पुढे गेलेली. त्या आकड्यांवरून नंतर खूप भांडणं झाली आणि मोठ्या मुलांमध्ये तो फरक तसा दिसलाही नव्हता, त्यामुळे मी त्याला वेदवाक्य मानत नाही. पण आमच्या हिरोला मी डोळ्यांसमोर घडताना बघितलंय. पहिल्या डेमोला त्याची बोबडी वळली होती, स्क्रीन शेअर करायची तर म्यूट करून बसला, आणि आमचा मॅनेजर त्याच्या बाजूला खुर्ची ओढून बसला, कागदावर मुद्दे लिहून त्याच्यापुढे सरकवत राहिला. दुसऱ्यालाही बसला. तिसऱ्याला तो आला नाही आणि पोराने एकट्याने मारून नेलं. म्हणजे लाडका होता म्हणून पुढे गेला हे खरं, आणि आज तो टीममधला सगळ्यात चांगला माणूस आहे हेही तितकंच खरं. मग तक्रार करायची तरी कशाची?

सीप्झच्या गेटबाहेर, आमच्या बिल्डिंगच्या वळणावर एक टपरी आहे. कटिंग, क्रीमरोल, सिगरेट. सीप्झ ही अंधेरीतली औद्योगिक वसाहत १९७३ साली सरकारने निर्यातीसाठी काढली, आता आत दागिने घडवणारे कारागीर आणि आमच्यासारखे कीबोर्ड बडवणारे शेजारीशेजारी असतात, संध्याकाळी टपरीवर दोन्ही जमाती भेटतात. तर आमच्या ऑफिसातल्या निम्म्या गोष्टी तिथे ठरायच्या. साडेसहा-सातला मॅनेजर खाली उतरायचा, त्याच्यामागे पाचसहा जण, आणि वर येताना पुढच्या महिन्याचं प्लॅनिंग झालेलं असायचं. मी सिगरेट ओढत नाही पण चहाला जायचे, धूर खात उभी राहायचे, केसांना वास यायचा, घरी सासूबाई नाक मुरडायच्या. बदलापूरवाली त्या वेळेला मेट्रोच्या जिन्यात असायची. घाटकोपरला उतरून तिला बदलापूर गाठायचं असतं, एक गाडी चुकली की घरी पोहोचायला रात्र होते, पोरगा क्लासहून येऊन बसलेला. तिला कोणी 'येऊ नकोस' म्हटलं नव्हतं. उलट मॅनेजर दर वेळी म्हणायचा, 'अगं चल ना चहाला', आणि ती पर्स खांद्याला लावत 'नेक्स्ट टाइम' म्हणायची. वर्षानुवर्षं.

गंमत म्हणजे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टपरी बंद झाली आणि त्यातले पहिले काही महिने आमची टीम खऱ्या अर्थाने सारखी झाली होती. जे काही बोलायचं ते कॉलवरच बोलायला लागायचं, आणि कॉलवर सगळेच. बदलापूरवाली तेव्हा इतकी बोलायची की आम्ही थक्क, सिस्टिमची खडान्‌खडा माहिती तिला, कुठला जॉब रात्री कशामुळे अडकतो हे आमच्या आर्किटेक्टला ती सांगत होती. मागे कुकरच्या शिट्ट्या. मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला 'यार टपरी मिस करतोय' म्हणून कोणीतरी एक ग्रुप काढला, जे टपरीवर असायचे त्यांचा. तोच हा 'ए टीम'. नावसुद्धा गंमत म्हणून ठेवलेलं.

आणि हा मॅनेजर वाईट माणूस असता तर हे सगळं लिहायला किती सोपं गेलं असतं. सासूबाई अॅडमिट होत्या तेव्हा त्याने मला महिनाभर घरून काम करू दिलं, एचआरला स्वतः सांभाळलं, एकदा रात्री स्वतःची गाडी घेऊन डोंबिवलीला औषधं आणून दिली. आम्ही दोघं मराठी, त्याची आई आणि माझी मावशी दादरच्या एकाच शाळेत होत्या असं निघालं, संक्रांतीला त्याच्याकडचा तिळगूळ माझ्या डेस्कवर आधी येतो. बोलता बोलता आम्ही मराठीत घसरतो आणि आमच्यातला एक तामिळ मुलगा शांतपणे लॅपटॉपकडे बघायला लागतो. वरच्या मजल्यावर दुसरी भाषा चालते आणि तिथे आमच्या मराठी पोरांचं तेच होतं, मग ती खाली येऊन आमच्याकडे रडतात, आणि आम्ही त्यांना सहानुभूती देतो, मराठीत. बदलापूरवालीने पोराच्या दहावीच्या परीक्षेला रजा मागितली तेव्हा त्याच मॅनेजरने 'रिलीज आहे गं, दोन दिवस मॅनेज होईल का?' असं विचारलं होतं. हसत, प्रेमाने. तिने मॅनेज केलं. तो दुष्टपणा नव्हता, त्याला तिचं घर माहीतच नव्हतं. माझं माहीत होतं. त्यामुळे माझी अडचण त्याला अडचण वाटली आणि तिची रजा त्याला रजा.

स्क्रीन शेअरच्या त्या प्रकरणानंतर आठवडाभराने पेमेंटच्या कामाचा दुसरा टप्पा आला. मेसेज नेहमीप्रमाणे आमच्या ग्रुपवर पडला. मी ते डॉक्युमेंट उचललं आणि ऑफिशियल ग्रुपवर टाकलं, 'हे येतंय, सगळ्यांनी बघा', एवढंच लिहून. काही बोभाटा झाला नाही. मॅनेजरने अंगठा दिला. मग मीटिंगमध्ये मी म्हटलं की सपोर्टच्या दृष्टीने बघितलेलं कोणीतरी यात हवं, आणि बदलापूरवालीकडे बघितलं. मनात सगळा सीन तयार होता माझ्या, ती हो म्हणेल, मला हलकं वाटेल. ती म्हणाली, 'नको, मला आहे ते बरं आहे.' मॅनेजरने माझ्याकडे बघून खांदे उडवले. त्याच्या चेहऱ्यावर 'बघितलंस?' असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि खरं सांगायचं तर मला तिचाच राग आला.

दुपारी डबा खाताना मी विषय काढला. तिने शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या, त्या चोखत शांतपणे बोलत होती. 'काम नको नाहीये गं मला. क्लायंटचा कॉल रात्री साडेआठला असतो. तेव्हा मी अंबरनाथ-बदलापूरच्या मधे असते, नाहीतर कणीक मळत असते. तुमच्या सगळ्यांना चालतो साडेआठ, तुम्ही ऑफिसातच असता.' मी म्हटलं, अगं क्लायंटच न्यूयॉर्कचा आहे, त्याला काय करणार. तर म्हणाली, 'साडेसहाला त्यांचे सकाळचे नऊ वाजलेले असतात आत्ता. आणि मंगळवार-गुरुवार आपण घरूनच असतो. कधी विचारलंय कोणी त्यांना?' नव्हतं विचारलं. साडेआठ कोणी ठरवलं हे मी नंतर शोधलं, जुनी इन्व्हाइट उघडून बघितली, ती त्या टपरीच्या दिवसांतली होती. चहा, गप्पा, मग वर येऊन कॉल, असा तो हिशोब.

मॅनेजरने दोन ओळींची मेल टाकली आणि क्लायंटकडून त्याच रात्री उत्तर आलं, नऊ चालेल, उलट बरंच आहे. काही भांडण नाही, धोरण नाही, एचआर नाही. आता आमचा हिरो कुरकुरतोय की साडेसहा म्हणजे त्याची चहाची वेळ.

'ए टीम' अजून आहे. मी अजून त्यात आहे. बाहेर पडले तर पडल्याचं सगळ्यांना दिसेल आणि मग मलाही काही कळणार नाही, हा त्यातला स्वार्थ मला कळतो. एप्रिलमध्ये परत ती काचेची खोली, तो एसी. परवा मॅनेजर डेस्कपाशी आला, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, 'तिला झेपेल ना गं? क्लायंटसमोर कधी बोलली नाहीये ती.' मी म्हटलं, पहिल्या एक-दोन कॉलला अडखळेल. तोही अडखळला होता, तेव्हा तू खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसला होतास. मंगळवारी ती घरून असेल, तर फोन लावून बस, पण बस.

'बघतो,' म्हणाला, आणि चहाला गेला.